बार्शी लाइटवाल्याची छत्री

कुर्डुवाडी हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते गाडी बदलण्याचे ठिकाण म्हणून. कुणी पंढरपूरला निघालेला असतो, कुणी लातूरला, कुणी सोलापूरहून पुण्याकडे. माणसे फलाटावर उतरतात, चहा पितात, पुढच्या गाडीची चौकशी करतात आणि निघून जातात. 'तुमच्या गावात पाहण्यासारखे काय आहे हो?' असे विचारणारा पाहुणा मला अजून भेटायचा आहे. खुद्द आमच्या स्टेशनालाही पूर्वी स्वतःचे नाव नव्हते. मूळ गाव कुर्डू, त्याची ही वाडी, आणि वाडीच्या स्टेशनावर पाटी मात्र बावीस मैलांवरच्या दुसऱ्याच गावाची, 'बार्शी रोड'! असा आमचा मान.

तेव्हा जगाच्या इतिहासात कुर्डुवाडीला काही जागा असेल, असे म्हणण्याचे धाडस आमच्यापैकी कुणी करीत नाही. पण गेली काही वर्षे मी, पेशाने मराठीचा मास्तर असूनही, रेल्वेची जुनी पुस्तके आणि विमानांचे इतिहास असले अवांतर वाचन करीत आलो आहे. त्यातून एक गोष्ट हाती लागली, ती दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवावी म्हणतो. ज्या माणसाने कुर्डुवाडीहून बार्शीला जाणारी छोटी गाडी सुरू केली, त्याच माणसाने विमानातून उडी घेणाऱ्याला जिवंत जमिनीवर आणणारी छत्री बनवली होती. पहिले महायुद्ध चालू असताना ती त्याने पुढे केली, ती उघडते हे लोकांच्या डोळ्यांदेखत सिद्ध झाले, आणि तरीही त्याच्या सरकारने ती आपल्या वैमानिकांना दिली नाही.

त्या माणसाचे नाव एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप.

माझे आजोबा बार्शी लाइटच्या वर्कशॉपात फिटर होते. १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने ही खासगी कंपनी विकत घेतली, तेव्हा पाटी बदलली, पगाराचा कागद बदलला. हातातले काम मात्र तेच राहिले. त्यांच्या तोंडून कॅलथ्रॉपचे नाव मी कधी ऐकले नाही. एक वाक्य मात्र ते ऊठसूट म्हणत, 'एक्सलवर पाच टन!' आजीने पोत्यात जरा जास्त ज्वारी भरली की 'एक्सलवर पाच टन, बरं का!' मी दप्तरात नको तितकी पुस्तके कोंबली की पुन्हा तेच. आमच्या घरातली ती एक म्हणच होऊन बसली होती. पुढे वाचता वाचता लक्षात आले की बार्शी लाइटचा सारा जीव त्या एका हिशेबात होता, आणि तो हिशेब कॅलथ्रॉपचा होता. माणसाचे नाव पुसले गेले, आणि त्याचा आकडा एका फिटरच्या स्वयंपाकघरात येऊन राहिला. याची मला फार गंमत वाटते.

कॅलथ्रॉप हा इंग्लंडातल्या लिंकनशायर परगण्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा. जन्म १८५७ चा. क्रू येथील रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारी करून, आणखी एकदोन ठिकाणी हात बसवून, तो १८८२ साली आपल्या जी. आय. पी. रेल्वेत इंजिनांचा तपासनीस म्हणून आला. मुंबईहून सोलापूरला येणारी मोठी गाडी तोपर्यंत वीसेक वर्षांची झाली होती. पण तिने वाटेतल्या किती तरी चांगल्या गावांना बगल दिली होती. बार्शीसारखी भरभक्कम पेठ बाजूला राहिली. तिथला कापूस, तिथली गळिताची धान्ये बैलगाड्यांतून स्टेशनावर यायची. पावसाळ्यात काळ्या रानात चाके रुतली की गाडीवान, बैल आणि माल, तिघेही देवाच्या हवाली! मोठ्या रुळांचा फाटा काढावा तर खर्च निघत नाही. लहान रुळांचा काढावा तर 'ही खेळण्यातली गाडी माल काय ओढणार?' अशी शंका.

कॅलथ्रॉपने काढलेला तोड गाडीवानालाही पटावा असा होता. वाट मऊ असेल तर माल कमी करू नका, चाके वाढवा. मार्गाची रुंदी अडीच फूट आणि रूळ यार्डाला अवघ्या तीस पौंडांचे. पण इंजिन असो, मालाचा डबा असो की उतारूंचा, कोणत्याही एका एक्सलवर पाच टनांहून अधिक भार येता कामा नये. म्हणून इंजिनाला आठ चाके ओढण्यासाठी आणि मागे आणखी चार चाके नुसता भार वाटून घेण्यासाठी. डबे दाबून घडवलेल्या पोलादाच्या सांगाड्यावर बांधलेले, त्यामुळे डब्याचे स्वतःचे वजन कमी आणि पोटात माल जास्त. मालाच्या डब्यांचे सांगाडे एकाच मापाचे, म्हणजे एकाचे मोडले तर दुसऱ्याचे चालते. १८९५ साली त्याने कंपनी उभी केली. लीड्सजवळ चाचणीचा रूळ टाकून हे सारे इंजिनिअर मंडळींना चालवून दाखवले. आणि १८९७ साली, सोलापूर जिल्हा दुष्काळाने होरपळत असताना, आमच्या स्टेशनातून बार्शीची गाडी सुटली. १९०६ साली ती पंढरपूरला पोचली आणि १९११ साली लातूरला.

या गाडीची थट्टा आमच्याकडे पुष्कळ झाली. चालत्या गाडीतून उतरावे, शेतातली दोन कणसे मोडावीत आणि पुढच्या डब्यात चढावे, अशा गोष्टी प्रत्येक घरात आहेत. त्यांतल्या निम्म्या खऱ्या मानायला माझी हरकत नाही. माझी आजी आषाढीला याच गाडीने पंढरपूरला जाई, आणि डब्यात बसायला जागा मिळाली हा ती विठोबाचा पहिला प्रसाद मानी. मी स्वतः या गाडीच्या खिडकीत बसून डोळ्यांत कोळशाचे कण घालून घेतलेले आहेत. पण ज्या गाडीला आम्ही हसत होतो, तिने तीस पौंडांच्या रुळावरून शंभर वर्षे ओझी वाहिली. हा कॅलथ्रॉप काही दानशूर कर्ण नव्हता, हेही सांगून ठेवतो. कंपनी विलायतेत नोंदलेली, भागधारक तिकडचे, नफा तिकडे जायचा. परंतु पैसा मिळवण्यासाठी केलेले काम नेटके असू शकते, आणि हे नेटके होते.

पुढे तो इंग्लंडात सल्लागार इंजिनिअर म्हणून प्रसिद्धीस आला. स्टॅफर्डशायरच्या एका दरीत १९०४ साली त्याच्या देखरेखीखाली अडीच फुटी गाडी सुरू झाली. तिच्या दोन इंजिनांपैकी एकाला त्याचेच नाव होते आणि दोहोंच्या कपाळावर भलेमोठे दिवे होते, आपल्याकडच्या इंजिनांना असत तसे. बार्शीची धाटणी अशी तिकडे गेली. त्याला दुसरा नाद होता अरबी घोड्यांचा. तो घोडे पाळी, वाढवी. घोडा हा सोबती आणि मित्र कसा असतो यावर त्याने १९२० साली एक पुस्तकही लिहिले. आता घोड्यांच्या नादाचा छत्रीशी काय संबंध, असे तुम्ही म्हणाल. माझा आपला एक तर्क आहे. जिवंत प्राण्याच्या अंगावर पट्टा कुठे बसावा, ताण कुठे यावा आणि कुठे येऊ नये, हे ज्याला घोड्याच्या साजावरून कळले, त्यालाच माणसाच्या अंगाला पट्टे बांधून आभाळातून सोडण्याचा विचार सुचू शकतो. रेल्वेतही तो हेच करीत होता. ओझे वाटून द्यायचे, म्हणजे कुठेच काही तुटत नाही.

१२ जुलै १९१० रोजी बोर्नमथ येथे विमानांच्या मेळाव्यात चार्ल्स रोल्स यांच्या विमानाची शेपटी मोडली आणि ते खाली कोसळून मरण पावले. रोल्स-रॉइस या मोटारीच्या नावातले पहिले नाव ते हेच. विमान पडून मेलेला हा पहिला ब्रिटिश माणूस. कॅलथ्रॉपचा आणि त्यांचा स्नेह होता. त्या वेळी कॅलथ्रॉपने पन्नाशी ओलांडली होती. पुढे दोनतीन वर्षांत तो आगगाड्यांचे काम सांभाळून छत्रीच्या मागे लागला.

छत्री ही काही त्याची कल्पना नव्हे. गार्नरँ नावाच्या फ्रेंच माणसाने १७९७ सालीच पॅरिसवर फुग्यातून छत्रीने उडी घेतली होती, आणि त्यानंतरची शंभर वर्षे जत्रेतले खेळ म्हणून अशा उड्या चालत आल्या होत्या. १९१२ साली अमेरिकेत बेरी नावाच्या माणसाने विमानातूनही उडी मारली. पण फुगा जागच्या जागी तरंगतो आणि विमान पळत असते. पळत्या विमानातून उडी टाकणाऱ्याच्या अंगावर पसरलेले रेशीम आणि डझनावारी दोऱ्या असतील, तर त्या शेपटीत गुंतायला किती वेळ? खरा प्रश्न हा गुंत्याचा होता. कॅलथ्रॉपने छत्री माणसाच्या अंगावरून काढून विमानाला लावली. विमानाच्या पोटाखाली एक डबा. त्यात रेशमी छत्री आणि तिच्या दोऱ्या ठराविक क्रमाने घड्या घालून ठेवलेल्या. माणसाच्या अंगात नुसते पट्टे, आणि पट्ट्यांपासून डब्यापर्यंत एक दोर. माणसाने उडी टाकली की त्याच्याच वजनाने आधी दोर ताणायचा, मग दोऱ्या क्रमाने सुटायच्या, मग रेशीम बाहेर यायचे आणि उघडायचे. पडणाऱ्याने काही म्हणजे काही करायचे नाही. तो घाबरलेला असो की बेशुद्ध, त्याचे वजन आपले काम करणारच. एक्सलवर पाच टनवाल्या माणसाला हे सुचावे यात मला काही नवल वाटत नाही. ओझे हे संकट न मानता त्याच्याकडूनच काम करून घ्यायचे, ही त्याची जुनी खोड.

छत्रीचे नाव त्याने ठेवले 'गार्डियन एंजल', म्हणजे पाठराखा देवदूत. १९१५ साली ती लष्कराच्या विमानखात्यापुढे गेली. मातीची बाहुली टाकून चाचण्या झाल्या, त्या बऱ्या झाल्या, आणि वरून नकार आला. तरी कॅलथ्रॉपने पिच्छा सोडला नाही. १३ जानेवारी १९१७ रोजी ऑर्फर्ड नेस येथे कॅप्टन क्लाइव्ह कोलेट नावाच्या न्यूझीलंडच्या वैमानिकाने सहाशे फुटांवरून विमानातून उडी घेतली. ब्रिटिश सैन्यातल्या माणसाने विमानातून छत्रीने घेतलेली ही पहिली उडी. तो सुखरूप उतरला. त्याच वर्षी नोव्हेंबरात ऑर्ड-लीझ नावाच्या अधिकाऱ्याने, जो शॅकल्टनबरोबर दक्षिण ध्रुवाच्या बर्फात जाऊन आला होता, लंडनच्या टॉवर ब्रिजवरून थेम्स नदीत उडी टाकली. उंची जेमतेम दीडशे फूट. इतक्या कमी उंचीवरून छत्री उघडते हे लंडनने पाहिले. इतके झाल्यावर शंका कसली उरली?

कचेरीत बसलेल्यांपाशी शंका भरपूर होत्या, आणि त्या सगळ्याच खुळ्या होत्या असे मी म्हणणार नाही. त्या वेळची विमाने म्हणजे लाकूड आणि कापड. पौंडापौंडाने त्यांची उंची आणि वेग कमी होई, आणि ही छत्री चांगलीच जड होती. लढाऊ विमानात तिचा डबा बसवायचा कुठे, हाही प्रश्न होता. गिरक्या घेत, पेटत पडणाऱ्या विमानातून तो दोर नीट सुटेलच याची खात्री कोण देणार? इथपर्यंत ठीक आहे. पण याखेरीज आणखी एक मुद्दा वरिष्ठांच्या मनात होता, असे त्या काळावर लिहिणारे बहुतेक जण सांगतात. सुटकेची सोय हाताशी असली की वैमानिक थोडक्यात विमान सोडून देईल, लढणार नाही! फुग्यात बसून शत्रूच्या रांगा न्याहाळणाऱ्यांना मात्र छत्र्या दिलेल्या होत्या. फुगा दोरखंडाला बांधलेला, त्याला पळता येत नाही, म्हणून त्यातला माणूस उडी मारू शकतो. विमानाला पळता येते, म्हणून त्यातल्या माणसाने जळून मरावे. हे तर्कशास्त्र मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगितले तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, 'सर, विमान महाग असेल.' माढा तालुक्यातला मुलगा, सैन्यभरतीसाठी पहाटे धावायला जाणारा. वर्ग हसला, मला हसू आले नाही.

कोलेटच्या उडीनंतर तीनच महिन्यांनी, एप्रिल १९१७ मध्ये, ब्रिटिशांची दोनशेच्या वर विमाने पडली. ज्यांत बसून पोरे लढत होती त्या विमानांना आग लागली की दोनच वाटा होत्या, जळत खाली येणे किंवा छत्रीविना उडी टाकणे. मॅनक हा त्यांचा नामांकित लढवय्या आगीच्या भयाने जवळ पिस्तूल बाळगत असे, वेळ आलीच तर स्वतःसाठी. २६ जुलै १९१८ रोजी त्याचे विमान पेटूनच पडले.

या पोरांत आपलीही होती, हे पुष्कळांना ठाऊक नसते. इंद्रलाल रॉय हा कलकत्त्याचा मुलगा त्याच विमानदळात होता. दोनच आठवड्यांत त्याने दहा विमाने पाडली आणि २२ जुलै १९१८ रोजी त्याचे विमान जळत खाली आले, तेव्हा त्याला वीसही पुरी नव्हती. आणि आपल्या मुंबईचा श्रीकृष्ण वेलिंकर. तो २७ जून १९१८ रोजी फ्रान्सवर शत्रूच्या बाजूला पडला, आणि तीन दिवसांनी, ३० जूनला, शत्रूच्या ताब्यात असतानाच मरण पावला. आता दुसरी तारीख पाहा. २९ जून १९१८. वेलिंकर मरणाच्या दारात पडलेला असताना, त्याच फ्रान्सच्या आभाळात उदेट नावाच्या जर्मन वैमानिकाचे विमान निकामी झाले आणि त्याने छत्रीने उडी मारली. छत्रीचे पट्टे शेपटीत अडकले, ते त्याने कसेबसे सोडवले, अगदी जमिनीजवळ छत्री उघडली, आणि तो जगला. जर्मनांनी त्या वर्षी आपल्या वैमानिकांना छत्र्या देऊन टाकल्या होत्या. त्या छत्र्याही काही निर्दोष नव्हत्या. पुष्कळ जण त्या घेऊनही मेले. पण त्या दिल्या तरी होत्या. छत्री असती तर वेलिंकर वाचला असता, असे मी म्हणत नाही; ते कुणालाच सांगता येणार नाही. त्याच्याजवळ ती नव्हती एवढे मात्र खरे, आणि ती बनवणारा माणूस तीन वर्षे कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत होता.

युद्धाच्या अखेरच्या महिन्यांत ब्रिटिश सरकारला जाग आली आणि छत्र्या देण्याचे ठरले. त्या पोचण्याआधी नोव्हेंबर उजाडला आणि युद्ध संपले. अशी उशिराची आणखी एक गोष्ट त्याच महिन्यातली आहे. अमेरिकेच्या जनरल थॉम्सन यांनी खंदकात वापरण्यासाठी हातात धरायची झपाट्याची बंदूक तयार करवली होती. तिचे नमुने बाहेर पडायच्या वेळी तह झाला. ती बंदूक पुढे बरीच वर्षे कुणी फारशी घेईना, मग ती शिकागोच्या गुंडांच्या हाती गेली आणि दुसऱ्या महायुद्धात तिच्यासाठी सैन्यांनी रांगा लावल्या. 'टॉमी गन' म्हणून तिला सारे ओळखतात. मारण्याच्या यंत्राला उशीर झाला तरी त्याचे फारसे बिघडत नाही, त्याला दुसरे युद्ध मिळते. १९१७ सालच्या पोरांना मात्र दुसरे आयुष्य मिळणार नव्हते.

ब्रिटिशांनी गार्डियन एंजल मुळीच वापरली नाही, असे मात्र नाही. ती वापरली हेरांसाठी. ऑगस्ट १९१८ मध्ये इटलीत, शत्रूच्या रांगांमागे तांदुरा नावाच्या इटालियन लेफ्टनंटला रात्री विमानातून सोडण्यात आले. त्याच्या बैठकीखाली झडप केली होती. ऐन वेळी माणसाचे धैर्य गळू नये म्हणून झडपेचा खटका त्याच्या हाती न ठेवता विमानातल्या दुसऱ्या अधिकाऱ्याच्या हाती ठेवला होता. त्याने खटका ओढला, तांदुरा अंधारात पडला, छत्री उघडली, कामगिरी फत्ते झाली. खटका ओढणाऱ्याचे नाव वेजवुड बेन. सोलापूरकरांनी हे नाव दुसरीकडे ऐकलेले असते. हेच बेन १९२९ साली भारतमंत्री झाले. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला तेव्हा लंडनच्या खुर्चीत तेच होते. आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या आमच्या चौघांना फाशी झाली तेव्हाही तेच. इतिहासात उगाच सांगड घालू नये, हे मला कळते. पण आमच्या चौकात या चौघांची नावे वाचताना मला इटलीतल्या त्या रात्रीची आठवण होते, त्याला माझा इलाज नाही.

कॅलथ्रॉपच्या छत्रीचे दोष पुढे उघडे पडले, तेही सांगितलेच पाहिजे. १९१९ साली अमेरिकेत ती करून दाखवताना दोर विमानाच्या भागाला अडकून तुटला आणि एक ब्रिटिश अधिकारी प्राणाला मुकला. त्याच वर्षी, त्याच अमेरिकेत, २८ एप्रिलला लेस्ली आयर्विन याने पाठीवर बांधलेली आणि स्वतःच्या हाताने कडी ओढून उघडायची छत्री घेऊन उडी मारली. विमानाशी काही संबंध नाही, त्यामुळे गुंत्याचा प्रश्नच मिटला. तोवर लोकांची समजूत अशी होती की पडणारा माणूस शुद्धीवर राहत नाही, त्याला कडी कसली ओढता येते! आयर्विनने ती खोटी पाडली. पुढे ब्रिटिश विमानदळाने घेतली तीही आयर्विनचीच. तेव्हा कॅलथ्रॉप हरला, हे खरेच आहे. पण मला वाटते, त्याचा हिशेब इथे संपत नाही. बार्शी लाइटचे पहिले इंजिन तरी निर्दोष कुठे होते? ते रुळावर आले, चालले, बिघडले, वर्कशॉपात आले, आजोबांसारख्यांनी खोलले, दुरुस्त केले, पुन्हा रुळावर गेले. वापरातूनच वस्तू सुधारते. १९१५ साली छत्रीला 'जड आहे' म्हणणाऱ्यांनी ती हलकी करायला कुणाला बसवले? गुंता होतो म्हणणाऱ्यांनी गुंता सोडवायला किती वैमानिक दिले? नकार देणाऱ्या कचेरीची कमाल अशी, की तिने दाखवलेले दोष खरे असतात, आणि ते तसेच राहावेत याची व्यवस्थाही तीच करते.

कॅलथ्रॉप ३० मार्च १९२७ रोजी लंडनमध्ये वारला. त्याच वर्षी त्याची अडीच फुटी वाट पंढरपूरहून मिरजेपर्यंत गेली आणि बार्शी लाइटची लांबी दोनशे मैलांवर पोचली. या शतकाच्या पहिल्या दहाएक वर्षांत ते सगळे रूळ उखडून मोठे टाकले गेले. आता पंढरपूरला आणि लातूरला मोठी गाडी जाते, वेळ वाचतो, तक्रारीला जागा नाही.

आमच्या गल्लीत एक निवृत्त सुभेदार राहतात. छत्रीदलात होते, ज्या पलटणीने ११ डिसेंबर १९७१ रोजी बांगलादेशात टांगाइलला छत्र्यांनी उड्या घेतल्या, त्याच पलटणीत. मूळची ती मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन. एकाहत्तर साली हे शाळेत होते, नंतर भरती झाले, पण टांगाइलच्या गोष्टी त्यांनी उडी घेतलेल्यांकडून ऐकलेल्या. कोजागरीच्या रात्री दूध आटत होते तेव्हा मी त्यांना कॅलथ्रॉपची हकिगत सांगितली. कडी ओढायच्या छत्रीने त्याला मागे टाकले म्हटल्यावर त्यांनी मान हलवली.

"कडी ती वैमानिकाला, सर. आमच्या पलटणीला कडी नव्हती. आग्र्याला शिकवलं तेच आम्ही केलं. विमानात डोक्यावर तार असती. छत्रीच्या पट्ट्याचा हुक त्या तारेला लावायचा. दारातनं उडी टाकली की पट्टा ताणतो आन् छत्री आपसूक उघडती. आपण काय करायचं नाही. आपल्या वजनानंच उघडती ती."

"म्हणजे त्याचीच युक्ती," मी म्हणालो.

"त्याचीच म्हणा की. आम्हाला कुणी नाव नव्हतं सांगितलं." मग त्यांनी ते नाव दोनदा म्हणवून घेतले, 'कालथ्राप, कालथ्राप' असे जिभेवर घोळवले आणि विचारले, "तो न्यूझीलंडवाला किती फुटांवरनं पडला म्हणालात?"

"सहाशे."

"आमची उडी साडेबाराशेवरनं. सहाशे म्हणजे लई खाली झालं सर. पहिली न्हाई उघडली तर दुसरी उघडायला वेळच न्हाई."

"त्याच्याजवळ दुसरी नव्हतीच," मी म्हणालो.

सुभेदारांनी दुधाचा पेला खाली ठेवला आणि बराच वेळ वर चंद्राकडे पाहत राहिले.